वेणीचे दान

गेल्या उपवासकाळातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक महाविद्यालयीन युवती आपल्या आजीसह आमच्याकडे आली. कमरेपर्यंत रुळणारी आपली वेणी कापून कर्करोगाने आजारी असलेल्या बालकांच्या विगसाठी द्यावी, असा तिचा मनोदय होता. आईवडिलांची संमती होती. अडून बसली होती ती आजी. आम्हाला वाटले, लग्नाच्या वयाची मुलगी, लोक काय म्हणतील, अशी काहीतरी तिची तक्रार असावी. पण आजी म्हणाली, "केस काय, वाढतील पुन्हा. त्याचं मला काही नाही. पण हे केस जाणार कुणाच्या डोक्यावर, एवढं मला कुणीतरी सांगा."

तिच्या प्रश्नाला कारण होते. आदल्या वर्षी आमच्या युवकमंडळाने मोठ्या उत्साहाने केस गोळा केले होते. कुणी चार बोटे लांबीचे दिले, कुणी रंगवलेले, कुणी केशकर्तनालयातून झाडून आणलेले. सगळे एका पिशवीत भरून एका संस्थेकडे पाठवण्यात आले. काही दिवसांनी तिकडून नम्र उत्तर आले की, यांतील बहुतेक केस उपयोगात आणता येणार नाहीत. उरलेल्यांचे काय झाले, हे विचारण्याचे आम्हा कुणालाच सुचले नाही. आजीला मात्र ते आठवत होते.

आजीला त्या दिवशी आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. पुढील काही महिने सवडीनुसार या दानाचा इतिहास आम्ही तपासला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कापलेले केस

केस अर्पण करण्याची कल्पना नवी नाही. जुन्या करारातील गणना या पुस्तकात नाजीराच्या व्रताचे नियम दिले आहेत. व्रत चालू असेपर्यंत डोक्याला वस्तरा लावायचा नाही आणि ते पूर्ण झाल्यावर केस उतरवून वेदीच्या अग्नीत अर्पण करायचे, असा तो विधी. संत पौलाने नवस फेडण्यासाठी किंख्रिया येथे केस कातरल्याची नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आहे. इ. स. १२१२ मधील झावळ्यांच्या रविवारी रात्री असिसीची तरुणी क्लारा घर सोडून पोर्सियुंकुलाच्या छोट्या देवळात आली आणि संत फ्रान्सिसने तिचे केस कापले. ते सोनेरी केस असिसीतील संत क्लाराच्या महामंदिरात आजही जतन केलेले आहेत.

दूर जपानमध्ये क्योटो शहरातील हिगाशी होंगान्जी हे बौद्ध मंदिर १८६४ साली आगीत भस्मसात झाले. १८८० पासून त्याची पुनर्बांधणी सुरू झाली, तेव्हा प्रचंड तुळया उचलण्यासाठी साधे दोर पुरेनात. मग देशभरच्या भाविक स्त्रियांनी आपले केस दिले आणि ते तागात वळून ५३ दोर तयार झाले. १८९५ साली काम पूर्ण झाले. त्यांपैकी एक दोर यात्रेकरूंना आजही तेथे पाहायला मिळतो.

तथापि केसांचा बहुतेक इतिहास असा स्वेच्छेचा नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात जत्रांमधून केसांचे व्यापारी फिरत. शेतकऱ्यांच्या मुली काही पैशांच्या किंवा रुमालाच्या, कापडाच्या मोबदल्यात आपले केस त्यांना कापू देत आणि त्या केसांनी पॅरिसमधील श्रीमंत स्त्रियांची केशरचना सजे. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' (१८६२) या कादंबरीतील फॅन्टीन आपले केस दहा फ्रँकला विकते व त्या पैशांतून आपल्या लेकरासाठी लोकरी घागरा घेऊन पाठवते. ही कथा कल्पित असली तरी तो बाजार कल्पित नव्हता.

आमच्या महाराष्ट्रातही केस हिरावून घेण्याची एक रीत होती. उच्चवर्णीय घराण्यांत पती निवर्तल्यावर त्याच्या विधवेचे, मग ती दहा-बारा वर्षांची का असेना, केशवपन केले जाई. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधवांची सभा भरली आणि आम्ही यापुढे विधवांचे केस उतरवणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवावा, ही घटना आमच्या इतिहासात अभिमानाने सांगावी अशी आहे.

आणि मग ऑशविट्झ. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैनिक त्या छळछावणीत शिरले, तेव्हा पोत्यांत बांधून ठेवलेले सुमारे सात टन केस त्यांना सापडले. विषारी वायूने मारलेल्या स्त्रियांचे ते केस होते आणि नमदा व सूत बनवण्यासाठी ते जर्मन कारखान्यांना विकले जात. मनुष्याच्या देहाचा माल करायचे ठरले की तो करणारा कुठे थांबत नाही, याचा तो पुरावा आहे.

हे सारे येथे नमूद करण्यामागे हेतू आहे. डोक्यावरून कापलेले केस म्हणजे व्यापाऱ्याच्या लेखी माल. त्याला वजन असते, लांबी असते, भाव असतो. दान म्हणून दिलेले केसही कात्री चालताच त्याच वाटेला लागू शकतात. आजीने विचारलेला प्रश्न म्हणूनच भाबडा नव्हता.

रोग बरा होऊ लागला तेव्हा

आजारी बालकांसाठी विग ही गरज तशी अलीकडची. पूर्वी रक्ताचा कर्करोग झालेले मूल केस गळण्याइतकेही जगत नसे. निदानानंतर काही आठवडे, फार तर काही महिने, एवढेच त्याचे आयुष्य. १९४७ च्या अखेरीस बोस्टन येथील बालरुग्णालयात डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन नावाचे औषध अशा बालकांना देऊन पाहिले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्यांनी १६ बालकांपैकी १० जणांना काही काळ उतार पडल्याचे नमूद केले. तो उतार टिकला नाही. तरी औषधाने हा रोग मागे हटू शकतो, हे प्रथमच दिसले.

त्यानंतर एकेक औषध हाती येत गेले. आमच्या अंगणात कुंपणापाशी आपोआप उगवणारी सदाफुली प्रत्येकाने पाहिली आहे. तिच्यापासून काढलेल्या व्हिन्क्रिस्टिन या औषधाला १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. इटलीत कास्तेल देल मोन्ते या तेराव्या शतकातील गढीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवांपासून आणखी एका औषधकुळाचा शोध लागला आणि त्यातील एकाला एड्रियाटिक समुद्रावरून एड्रियामायसिन हे नाव पडले. एकच औषध न देता अनेक औषधे एकत्र द्यावीत, हा विचार रुजला तेव्हा मुले खरोखर बरी होऊ लागली.

या वाटचालीत आमच्या श्रद्धेशी जोडलेले एक रुग्णालयही आहे. डॅनी थॉमस हा लेबनीज वंशाचा अमेरिकन कॅथोलिक विनोदी नट. उमेदवारीच्या काळात, घरी मूल जन्माला यायचे आणि खिसा रिकामा, अशा अवस्थेत डेट्रॉइटमधील एका देवळात त्याने असाध्य प्रसंगांचा आश्रयदाता संत जूड याच्याकडे मार्ग मागितला आणि आपण तुझे एक मंदिर उभारू, असा नवस केला. पुढे यश मिळाल्यावर त्याने तो नवस फेडला, तो रुग्णालय बांधून. मेंफिस येथील संत जूड बालसंशोधन रुग्णालय फेब्रुवारी १९६२ मध्ये सुरू झाले. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार अनेक गरीब देशांत हे प्रमाण अजूनही ३० टक्क्यांहून कमी आहे.

या औषधांचा स्वभाव असा की, वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींवर ती तुटून पडतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही तशाच असतात. म्हणून उपचार सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. सकाळी उशीवर पुंजके दिसतात. उपचार संपल्यावर बहुधा केस पुन्हा येतात, परंतु त्यापूर्वी मुलाला टक्कल घेऊन शाळेत, बाजारात, देवळात वावरावे लागते. एलोपेशिया एरिआटा अर्थात चाईच्या रोगात मूल एरवी निरोगी असते, पण शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते आणि काहींचे केस कायमचे जातात.

चार संस्था

१९८१ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात जेफ्री पॉल नावाच्या केशरचनाकाराच्या पंधरा वर्षांच्या भाचीला रक्ताचा कर्करोग झाला. केस गेल्यावर आपल्याला काही करून द्या, अशी गळ तिने मामाला घातली. मोठ्यांचे विग मुलांच्या डोक्यावर ढिले पडत, खेळताना घसरत. मामाने मुलांना पेलेल, धावताना पडणार नाही असा विग तयार करण्याचे मनावर घेतले आणि त्यातून 'विग्ज फॉर किड्स' ही संस्था निघाली.

१९९७ साली फ्लोरिडात 'लॉक्स ऑफ लव्ह' सुरू झाली. तिची संस्थापिका मॅडोना कॉफमन ही परिचारिका. तरुणपणी तिचे स्वतःचे केस गेले होते आणि पुढे तिच्या मुलीलाही तोच एलोपेशिया जडला. या संस्थेमुळे केसदान अमेरिकेत घरोघरी पोचले. शाळकरी मुली दोन-दोन वर्षे केस वाढवून दहा इंचांची वेणी पाठवू लागल्या. देणाऱ्यांपैकी पुष्कळांची समजूत अशी की, आपले केस कर्करोगाच्या रुग्णाला मिळतात. प्रत्यक्षात संस्थेचे विग मोठ्या प्रमाणावर एलोपेशिया झालेल्या, म्हणजे दीर्घकाळ केसांविना राहणाऱ्या मुलांना जात. संस्थेने ते लपवले नव्हते. देणाऱ्यांनी विचारले नव्हते.

इंग्लंडमध्ये हेरफर्ड येथे हॅना नावाची चिमुरडी मूत्रपिंडाच्या कर्करोगाने आजारी होती. तिच्यासाठी चांगला विग मिळवताना आईवडिलांची दमछाक झाली, कारण लहान मुलांसाठी तसे विग सहजी मिळतच नव्हते. अखेर मिळाला, तेव्हा तो घालून ती पुन्हा राजकन्येसारखी मिरवली. २००५ साली हॅना गेली. २००६ साली तिच्या आईवडिलांनी 'लिटल प्रिन्सेस ट्रस्ट' स्थापन केला आणि त्या ट्रस्टने तेव्हापासून हजारो मुलांना विनामूल्य विग दिले आहेत. २०१६ पासून हा ट्रस्ट बालकर्करोगाच्या संशोधनासाठीही पैसा देऊ लागला. हे पाऊल आम्हास महत्त्वाचे वाटते. आधी डोके झाकण्याची सोय पाहिली, मग तीच माणसे मुळाकडे वळली.

जपानमध्ये २००९ साली ओसाका येथे अशीच संस्था स्थापन झाली आणि ३१ सेंटिमीटर ही केसांची किमान लांबी तेथील शाळकरी मुलांनाही पाठ झाली. या संस्थेच्या प्रमुखांनी पुढे जाहीरपणे असा विचार मांडला की, विगची गरजच भासू नये असा समाज घडणे, हे आमचे खरे ध्येय आहे. केस मागणाऱ्या संस्थेनेच हे म्हणावे, याचे आम्हास अप्रूप वाटले. केस नसलेल्या मुलाकडे लोक टक लावून पाहतात, म्हणून त्याला विग लागतो. ते पाहणे थांबले तर कित्येक मुलांना विगची गरजच वाटणार नाही.

हिशेब

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. एक वेणी दिली की एक विग होतो, ही समजूत चुकीची आहे. एका विगसाठी सहा ते दहा, कधी त्याहून अधिक वेण्या लागतात. केसांची छाटणी होते, लांबीप्रमाणे व रंगाप्रमाणे जुळणी होते. सर्व केसांची मुळे एका दिशेला असावी लागतात. उलटसुलट झाले की त्यांचा गुंता होतो. म्हणून कापण्यापूर्वी वेणी घट्ट बांधावी लागते आणि जमिनीवर पडलेले सुटे केस निरुपयोगी ठरतात. मग कारागीर बारीक आकडीने जाळीच्या टोपीवर थोडेथोडे केस गाठ मारून ओवीत जातात. हे काम आठवडेच्या आठवडे चालते आणि त्याची मजुरी द्यावी लागते. केस फुकट मिळाले तरी विग फुकट होत नाही.

बांधताना आणि नीट करताना केसांची लांबी घटते. बारा इंच दिले तर बारा इंच उरत नाहीत. केस महिन्याला सुमारे सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे बारा इंचांसाठी दोन वर्षे. ओले बांधून पाठवलेल्या वेणीला वाटेतच बुरशी लागते. २००७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या साऱ्या व्यवहाराचा मागोवा घेतला, तेव्हा लॉक्स ऑफ लव्हकडे येणाऱ्या केसांपैकी ८० टक्क्यांपर्यंत केस विगसाठी उपयोगी पडत नाहीत, असे प्रसिद्ध झाले. आखूड किंवा पिकलेले केस संस्था विकत असे व तो पैसा खर्चासाठी वापरला जाई. अनेक दात्यांना हे वाचून धक्का बसला. आमच्या मते विक्रीत गैर काही नाही. मात्र देणाऱ्याला ते आधी ठाऊक हवे आणि पैशाचा हिशेब उघडा हवा.

हिशेबाचा दुसरा एक मार्गही काहींनी दाखवला. १७ मार्च २००० रोजी, संत पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, न्यूयॉर्कमध्ये विमाव्यवसायातील काही मित्रांनी बालकर्करोगाच्या संशोधनासाठी देणग्या मिळवून मुंडण करून घेतले. १७ हजार डॉलर जमवावेत, असा त्यांचा संकल्प होता. जमले एक लाख चार हजारांहून अधिक. त्यातून 'सेंट बाल्ड्रिक्स' ही संस्था वाढली. येथे विगसाठी लांब केस असण्याची अट नाही. आजारी मुलासारखेच आपलेही डोके दिसावे आणि औषधासाठी पैसा उभा राहावा, एवढेच तिचे प्रयोजन.

आमच्या देशात

जगातील विगच्या बाजारात भारतीय केसांना मोठी मागणी आहे. तिरुमला येथे लक्षावधी हिंदू भाविक श्रद्धेने केस अर्पण करतात. देवस्थान त्यांचा लिलाव करते आणि अलीकडच्या अंदाजपत्रकांत त्यापासूनचे उत्पन्न वर्षाला शंभर कोटी रुपयांहून अधिक धरले गेले आहे. तो पैसा देवस्थानाच्या कार्यासाठी येतो. ते केस मात्र व्यापाऱ्यांमार्फत परदेशी जातात. ज्या देशातून एवढे केस बाहेर जातात, त्याच देशातील गरीब रुग्ण मुलाला विग परवडत नाही, ही विसंगती फार काळ कुणाच्या नजरेत आली नाही.

केरळात तृश्शूर येथे सी. एम. आय. धर्मगुरूंच्या अमला रुग्णालयाने केसदानाचे काम हाती घेतले. शाळा-महाविद्यालयांतून आलेल्या केसांचे विग तयार करून ते कर्करुग्णांना विनामूल्य दिले जातात. २०१९ साली त्याच जिल्ह्यातील अपर्णा लवकुमार या पोलीस कर्मचारी स्त्रीने कर्करुग्णांसाठी आपले गुडघ्यापर्यंतचे केस संपूर्ण उतरवून दिले, तेव्हा ती बातमी देशभर झाली. मुंबईतही मदत चॅरिटेबल ट्रस्टने 'कोप विथ कॅन्सर' या उपक्रमातून केस स्वीकारण्यास सुरुवात केली. दूर परदेशी टपालाने वेण्या पाठवण्यापेक्षा, ज्यांच्या दाराशी जाऊन विचारपूस करता येते अशा ठिकाणी द्याव्यात, हे आम्हास अधिक योग्य वाटते.

आजीला उत्तर

तर आजीला आम्ही काय सांगितले? तुझ्या नातीची वेणी एकट्या एका मुलाच्या डोक्यावर जाणार नाही. ती आणखी सात-आठ अनोळखी मुलींच्या वेण्यांत मिसळेल. विग तयार झाला तरी ज्याला मिळेल ते मूल कदाचित तो घालणारही नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाने उपचाराच्या साऱ्या काळात डोक्यावर नुसती क्रिकेटची टोपी ठेवली, विग एकदाही घातला नाही. काही मुलांना मात्र त्या विगमुळेच पुन्हा शाळेच्या दारातून आत जाण्याचे बळ येते. कुणाला काय हवे, हे आपण ठरवायचे नाही. मागणाऱ्याला मिळावे, एवढी सोय आपण करायची.

आणि तीन गोष्टी आम्ही स्वतःसाठी ठरवल्या. धर्मग्रामात केस घ्यायचे तर आधी संस्थेला विचारायचे : लांबी किती हवी, विग कुणाला देता, उरलेल्या केसांचे काय करता. प्रत्येक वेणीसोबत विग बनवण्याच्या मजुरीसाठी यथाशक्ति वर्गणी द्यायची, कारण मजुरीवाचून ते केस नुसतेच पडून राहतात. तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. आपल्या वर्गात, आपल्या शेजारी, आपल्या देवळातल्या बाकावर केस गेलेले मूल बसलेले असेल तर त्याच्याकडे टक लावून पाहायचे नाही आणि त्याच्या आईला, "अगं, किती लांब होते गं हिचे केस," असे म्हणायचे नाही.

लूकच्या शुभवर्तमानात एक स्त्री आपल्या आसवांनी प्रभूचे पाय भिजवते आणि केसांनी पुसते. भोवतालच्या लोकांनी तिला नावे ठेवली. प्रभूने तिचे दान ओळखले. तिने केस कापले नव्हते. जे जवळ होते त्याने तिने दुसऱ्याची सेवा केली होती.

आजीने सारे ऐकून घेतले. "म्हणजे सात-आठ जणी मिळून एका पोराला," असे ती स्वतःशीच म्हणाली. मग संस्थेला पत्र गेले, उत्तर आले, तीनही प्रश्नांची उत्तरे मिळाली. ईस्टरच्या आठवड्यात नातीचे केस आजीने स्वतः धुतले, उन्हात पूर्ण वाळवले, घट्ट वेणी घातली आणि वर-खाली दोन ठिकाणी बांधली. कात्री मात्र तिने नातीच्या आईच्या हाती दिली.